मना सज्जना, जरा गप्प बस

दिवाळी अंकाच्या लेखकाला आषाढातच घाम फुटतो. वाचकाला गोष्ट फराळासोबत हवी, म्हणजे संपादकांना ती गणपतीच्या आत हवी. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ही वार्षिक धास्ती मराठी लेखकाच्या कपाळी आहे.

यंदाची मागणी दोन हजार शब्दांच्या विनोदी कथेची. विनोदी! मी लॅपटॉप उघडून ‘पाऊस पडत होता’ असं टाइप केलं आणि आतून आवाज आला, ‘वा! पावसाळ्यात पाऊस. काय निरीक्षण आहे!’

हे माझं मन. शिव्या देणारं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे कौतुकाच्या सुरात मारतं. मी पाऊस खोडून ‘आभाळ भरून आलं होतं’ लिहिलं.

‘आठवीच्या निबंधातलं ना? छान होता हो तो.’

खोडलं. सरळ संवादानेच सुरुवात केली : ‘अहो, ऐकलंत का?’

‘ऐकलं,’ मन म्हणालं. ‘कृष्णधवल सिनेमापासून ऐकतोय.’

समर्थांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले आणि ते एकदाही उलटून बोललं नाही. माझ्या मनाने दुसऱ्याच श्लोकात वृत्त कुठे अडखळलं ते दाखवलं असतं.

अशा दिवसांत आमचं घर चकाचक होतं. मिक्सरच्या बुडाचा चिकट काळा थर मी जुन्या टूथब्रशने खरवडला, रबरी पायांच्या खाचांत अडकलेले जिरे सुईने टोकरून काढले. याला मनाची काडीचीही हरकत नव्हती. याहून चांगला मिक्सर लोकांनी आधीच घासून ठेवलाय, असं ते कधी म्हणत नाही.

तिथेच युक्ती सुचली. नवी फाइल उघडली आणि तिला नाव दिलं ‘किराणा’. मनाला म्हटलं, गोष्टबिष्ट काही नाही, नुसती बोटं चालवतोय. मग मुद्दाम वाईट लिहायला घेतलं. पाऊस पाडला, आभाळ भरून आणलं, नायिकेला खिडकीत उभं करून हातात वाफाळता चहा दिला. मन बराच वेळ खिदळलं आणि मग कंटाळलं. ज्याची लिहिणाऱ्यालाच लाज नाही, त्याला टोमणा मारणार कुठे?

तिसऱ्या पानावर नायिकेची सासू आली आणि मला न विचारताच बोलत सुटली. ‘पोळ्या छान झाल्यात हो. आमच्याकडे इतक्या जाड कुणाला जमत नाहीत.’ मी नुसता टाइप करत गेलो. आधीची दोन पानं उडवली, चहासकट. (पहिली दोन पानं उडवण्यासाठीच असतात, हे माझं ठाम मत आहे.)

‘मघापासून कुणाशी बोलताय?’ बायकोने आतून विचारलं.

‘मनाशी.’

‘मग त्याला विचारा, मिक्सरचं झाकण कुठे ठेवलंय.’

मन तोवर परत येऊन सासूचे संवाद वाचत बसलं होतं.

‘बाईंचं बोलणं ओळखीचं वाटतंय,’ ते म्हणालं. ‘मानधन अर्धं अर्धं.’