जुनी गाडी घ्यायचीय? आधी डोळे मिटा

जुनी गाडी घ्यायचं मनात आलं की कुणाला तरी नुसतं बोलून दाखवा. जळगावात एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार जणांकडे चार 'घरच्या गाड्या' तयार असतात. गाडी कायम डॉक्टरची नाहीतर मास्तरची. डॉक्टर ती फक्त घर ते दवाखाना नेतो आणि मास्तर तर नुसती पुसतो. ठोकलेली गाडी आपल्या खानदेशात कुणाकडेच नसते. मग डेंटिंग-पेंटिंगवाले जगतात कशावर, हे विचारायचं नाही.

बघायला दिवेलागणीला जा. उन्हात दाराचा पांढरा आणि बॉनेटचा पांढरा वेगवेगळा दिसतो, उगाच मन खट्टू होतं.

एसी तपासायचा तर डिसेंबरात, पहाटे.

मीटर बघा आणि खूश व्हा. मी घेतली त्या गाडीच्या मीटरवर ४२,००० किलोमीटर होते. दहा वर्षांत ४२,०००! क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून खालचं लोखंड चमकत होतं. एजंटला विचारलं तर म्हणाला, "साहेबांचा पाय जड होता ना भाऊ." पटलं मला.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २२१४ म्हणजे २०१४चा बाविसावा आठवडा. वाचू नका, वाकावं लागतं. सीट बेल्टही शेवटपर्यंत ओढू नका. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली असली तर चिखलाची रेघ तिथेच सापडते, आणि पुराची सुरत आपल्याला काही लांब नाही.

आता कागद. कागद अजिबात मागू नका. मागितले की समोरचा दुखावतो. माझ्या व्यवहारात तर साडूभाऊ मध्ये होते. "एक नंबर गाडी शे भाऊ, पेपर होई जातीन!" असं त्यांनी शेवभाजीच्या ताटावर सांगितलं. त्यानंतर 'कधी' म्हणून विचारणारा जावई कसला? मूळ मालकाने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या केल्या होत्या. तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं. मी ते फॉर्म देवघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि साडेतीन लाख मोजले. आठ महिने गाडी माझ्या दारात आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, त्याच्या नावावर. बँकेचा बोजाही तसाच. कर्ज कधीच फिटलंय म्हणे, पण बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन बोजा उतरवायचा फॉर्म ३५ भरायला कोण जातो? दरम्यान दंडाची चलनं येत होती, नोंदवलेला मोबाइल नंबर त्याचा असल्यामुळे त्याला. त्यातली तीन तर माझ्या आधीची, त्याची स्वतःची. गाडीचा नंबर टाकला की दोन मिनिटांत दिसतात. ती दोन मिनिटं मला आठ महिन्यांत मिळाली नाहीत.

मग गेल्या महिन्यात सावद्याजवळ केळीचा ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली माझ्या बॉनेटवर चढली. रेडिएटर फुटला, दोन्ही हेडलाइट गेले. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. पॉलिसी कुणाच्या नावावर? त्याच्या. आरसी? त्याच्या. मग तुम्ही कोण? मी कोण! पैसे मोजणारा, दर रविवारी पाइप लावून धुणारा, लिंबू-मिरची बांधणारा मी कोण, तर कुणीच नाही. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. मी साडूंना कळवत होतो. ३८,००० खिशातून गेले आणि एजंट आता फोन उचलत नाही.

त्याला काय बोलायचं, त्याचा धंदाच तो. राग तुमचा-माझा येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना आपण दात उघडून बघतो, भोवरे मोजतो, पळवून बघतो, तीन दिवस घासाघीस करतो. शेतात बैल आणायचा तर अख्खा गाव बोलावतो. आणि साडेतीन लाखांची गाडी घेताना आरसी उलटून बघायला लाज वाटते? कसली लाज? बायको दारातच म्हणाली होती, "नावावर झाल्यावर पैसे द्या." तिला म्हटलं, तुला काय कळतं व्यवहारातलं. तिलाच कळत होतं.

आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून 'सुटलो' म्हणणाऱ्यांनो, तुम्हीही सुटलेला नाही. नोंद तुमच्या नावावर असेल तर अपघाताची भरपाई तुमच्याच गळ्यात येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगून ठेवलंय. माझ्या हातून एखादा माणूस उडाला असता तर? मूळ मालक बिचारा सुरतेत कापडाच्या दुकानात बसलाय आणि कोर्टाचा कागद त्याच्या दारी गेला असता. त्याने विचारलं नाही, मी विचारलं नाही, साडू शेवभाजी वाढत राहिले.

उद्या पहाटेच्या गाडीने सुरतेला निघतोय. फॉर्म पिशवीत आहेत, बँकेच्या एनओसीसाठी त्यालाच शाखेत सोबत न्यायचंय. साडूभाऊंचा आत्ताच फोन होता, स्टेशनवर सोडायला येऊ का म्हणून. रिक्षाने जातो म्हटलं.