मूल असलेले विद्यार्थी : निरंक

अभिनंदन. 'मुलांचे संगोपन करणाऱ्या विद्यार्थ्यांची माहिती तात्काळ सादर करावी' असं पत्र वरून निघालं, तीन टेबलं फिरलं आणि शेवटी तुमच्या टेबलावर येऊन बसलं. मुदत परवा पाचपर्यंत. पत्रावरची तारीख मागच्या महिन्यातली. घाबरू नका. नीट काम केलंत तर उत्तर निरंक, म्हणजे शून्य, येतं, आणि निरंक अहवाल सहसा कुणी शंका काढून परत पाठवत नाही.

आधी परंपरा समजून घ्या. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, म्हणजे आपलं एआयएसएचई, 2010-11 पासून चालू आहे. कॉलेजचा फॉर्म डीसीएफ-दोन. अभ्यासक्रम, वर्ष, स्त्री-पुरुष, प्रवर्ग, ईडब्ल्यूएस, दिव्यांग, अल्पसंख्याक असे त्यात इतके उभे-आडवे रकाने की नोडल अधिकाऱ्याचे डोळे पांढरे होतात. 2021-22 च्या अहवालात देशभरचे 4.33 कोटी विद्यार्थी आले, त्यांत 2.07 कोटी स्त्रिया. यांपैकी कुणाला मूल आहे का, यासाठी रकाना नाही. रकाना नाही म्हणजे स्मरणपत्र नाही, आणि स्मरणपत्र नाही तो विषय कशाला उकरायचा? तोंडीही काळजी घ्या. 'विद्यार्थिनी' न म्हणता 'आमच्या मुली' म्हणत राहा. मुलींना मुलं असतील असं कुणाच्या मनातही येत नाही.

एखादे उत्साही प्राध्यापक राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा कागद नाचवत येतील. 2019-21 च्या त्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के जणी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यांना सांगा, सर, यातल्या बऱ्याच जणी कॉलेजात नसतीलच. हे खरंही आहे. मग किती आहेत, असं सर विचारणारच. ते सर्वेक्षण आरोग्याचं, आपलं खातं शिक्षणाचं, असं म्हणून चहा मागवा.

मात्र सरकारला मुलं मोजता येत नाहीत, असं चुकूनही बोलू नका. ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं का, हे दिवसासकट तपासलं जातं. सरकारी नोकरीच्या अर्जाला 2005 च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, नमुना 'अ', जोडावं लागतं. शिष्यवृत्तीच्या अर्जातही अपत्यांची संख्या येते, पण तिथं अपत्य म्हणजे खुद्द विद्यार्थीच: काही योजनांत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ. थोडक्यात, काही नाकारायचं असेल तेव्हा आपली मोजणी चोख असते. तुमच्या पत्रात नाकारण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून तर सगळा घोळ आहे.

तरीही 'काहीतरी पाठवा' असा फोन आलाच, तर नवा प्रश्न तयार करू नका. प्रवेश अर्जात 'विवाहित / अविवाहित' आहेच, योग्य तिथं गोल करायचा. विवाहित म्हणजे पालक, असं धरून चला. या एका युक्तीने दोन्ही बाजूंनी चूक साधते. लग्न होऊन मूल नसलेली मोजली जाते. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेली, लग्नाशिवाय आई झालेली यांना गोल करायला जागाच नसते. वर्षातले पाच-सहा महिने आईबाप ऊसतोडीला गेल्यावर बीडच्या एखाद्या वाडीत दोन धाकट्या भावंडांचा डबा, शाळा, दवाखाना बघून एसटीने कॉलेजला येणारी एफ.वाय.ची मुलगी तर 'अविवाहित'च. तिचा सांभाळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. पुरुष विद्यार्थ्यांना हा प्रश्न बऱ्याच फॉर्मवर नसतोच. बाप होणं ही शैक्षणिक बाब नाही.

खिडकीवरही थोडी मदत करता येते. अर्जात 'वडिलांचे / पतीचे नाव' अशी एकच ओळ असते. कडेवर मूल घेतलेली बाई पेन उचलून विचारते, "सर, यातलं काय खोडू?" तुम्ही वर न बघता म्हणायचं, "ताई, बारावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच टाका, नाहीतर राजपत्र लागेल." ती माहेरचं नाव टाकते आणि पुढच्या ओळीत 'अविवाहित'ला गोल करते, कारण नाव तसं आणि गोल असा म्हणजे पुन्हा खिडकीवर खेटे. एक पालक इथंच कमी झाली. मूल तेवढ्यात शिक्क्याच्या पॅडकडे हात नेतं. पॅड आत ओढून घ्या.

आता काय विचारायचं नाही, तेही नेमकं माहीत हवं. पुढचा प्रश्न कुठल्याही परिस्थितीत फॉर्मवर येऊ देऊ नका: 'तुम्ही सध्या 18 वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा नियमित सांभाळ करता का? (स्वतःचं, सावत्र, दत्तक, भावंड किंवा नातेवाइकाचं)' आणि पर्याय हो, नाही, सांगायचं नाही. यात लग्नाचा संबंध नाही, लाज वाटण्यासारखं काही नाही, मराठी सरळ आहे आणि तो मुलामुली दोघांनाही विचारता येतो. धोकादायक प्रश्न आहे. त्याला जोडून सर्वांत लहान मुलाचं वय गटात विचारलं (एकापेक्षा कमी, एक-दोन, तीन ते पाच, सहा ते बारा, त्यापुढे), तर दूध पाजायला जागा किती जणींना हवी आणि पाळणाघर किती जणांना, हे वेगवेगळं कळू लागतं. तिसरा प्रश्न त्याहून वाईट: 'तास चालू असताना मूल कुठं असतं?' उत्तरं येतील: सासूकडे, शेजारी, अंगणवाडीत. मग कुणीतरी अंगणवाडी सुटायची वेळ आणि तुमच्या प्रॅक्टिकलची वेळ शेजारी शेजारी लिहील, आणि वेळापत्रक बदलायची मागणी येईल. वेळापत्रक समितीत आधीच दोन गट आहेत.

या तीन प्रश्नांना दीड मिनिटही लागत नाही. म्हणून ते बेचाळीस प्रश्नांच्या गुगल फॉर्मच्या तळाशी, 'ग्रंथालयातील पंख्यांबाबत आपले मत' याच्या खाली टाका. तिथवर ज्याच्याकडे वेळ आहे तोच पोचेल. तान्हं बाळ असलेल्याकडे वेळ नसतो.

कधी विचारायचं, याला फार महत्त्व आहे. जून-जुलैत प्रवेशाच्या वेळी विचारलं की डिसेंबरात बाळंत होणारी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. एप्रिलमध्ये विचारलं की अधेमधे कॉलेज सोडलेल्या यादीतच नसतात. उरलेल्यांवरून 'मूल असूनही सगळ्या टिकतात' असा सुंदर निष्कर्ष काढता येतो. टाळायची वेळ एकच, परीक्षेचा फॉर्म. तो प्रत्येक सत्राला भरावा लागतो, नियमितांना आणि एटीकेटीवाल्यांनाही, आणि त्यावर पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, असतो. तिथं प्रश्न आला तर कोण किती सत्रं टिकलं, हाजिरी कुठं घसरली, कुणाचा फॉर्म आलाच नाही, हे सगळं एकमेकांना जुळवता येतं. मग बाळंतपणाच्या सत्रानंतर किती जणी परत आल्या, हेही. त्या आकड्याचं स्पष्टीकरण प्राचार्यांना मागतील आणि प्राचार्य तुम्हाला.

फॉर्म आले की एक्सेल उघडा. खरं कौशल्य इथं आहे. रिकामा रकाना म्हणजे 'उत्तर दिलं नाही', शून्य म्हणजे 'नाही'. हा फरक पुसून टाका. वरच्या खान्यात 'नाही' लिहा, कोपऱ्यातला तो बारीक काळा ठिपका धरा आणि सरळ खाली ओढा. बाराशे ओळी चार सेकंदांत भरतात. पुढच्या वर्षीसाठी ड्रॉपडाऊनमध्ये 'नाही' आधीच निवडून ठेवा, ओढायचेही कष्ट नाहीत. मग भागाकार. समजा 1,200 जणांना फॉर्म गेला, 310 जणांनी भरला, 9 जणांनी 'हो' म्हटलं. उत्तर दिलेल्यांत हे प्रमाण 2.9 टक्के, भागिले एकूण पट केलं की 0.75. दुसरं घ्या, 'नगण्य' हा शब्द एक टक्क्याच्या आत शोभून दिसतो. 890 जणांनी उत्तरच दिलं नाही, हे तळटीपेतही नको. त्यातल्या पन्नास जणांना फोन करून, उत्तर न देणाऱ्यांत पालक जास्त आहेत का, हे तपासता येतं. पण फोनचं बिल कुठल्या हेडखाली टाकणार?

त्या नऊ जणांचं काय? नियम असा, की पाचापेक्षा कमी माणसं असलेला खाना प्रसिद्ध करायचा नाही, लहान गट एकत्र करून दाखवायचे. तो मोडला की पुढची दहा वर्षं कुणी 'हो' म्हणणार नाही. म्हणून तक्ता वर्गनिहाय आणि प्रवर्गनिहाय करून नोटीस बोर्डावर लावा: 'एम.एस्सी. रसायनशास्त्र, द्वितीय वर्ष, स्त्री, भटक्या जमाती : 1'. नाव लिहिलेलं नाही, गोपनीयता पाळली. खात्री म्हणून मोबाईल नंबरांसकट मूळ फाईल विभागप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. तीन प्रश्न का विचारले नाहीत असं कुणी म्हणालं, तर मात्र डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 याचं नाव पूर्ण आणि सावकाश उच्चारा.

कनिष्ठ महाविद्यालय जोडून असेल तर तुमच्या हाती खरं कारण आहे, थट्टेचं नव्हे. सतरा वर्षांच्या मुलीने नावासकट 'मला मूल आहे' असं लिहून दिलं, तर पॉक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे ते कळवण्याची जबाबदारी येते; बालविवाहाचा विषय वेगळाच. हे न सांगता तिच्याकडून उत्तर घेणं म्हणजे फसवणूक. उपाय साधा आहे. अकरावी-बारावीला नावाने विचारायचंच नाही. तिथं निनावी पेटी ठेवायची, शेजारी समुपदेशकाचा नंबर, आणि नावासह प्रश्न फक्त अठरा पूर्ण झालेल्यांना. तुम्ही उपाय सांगू नका, नुसती अडचण सांगा. साहेब फाईल मिटतात.

बाहेरच्यांचं अनुकरण तर अजिबात नको. अमेरिकेत ओरेगन आणि इलिनॉय या राज्यांनी 2021 साली कायदेच केले की सरकारी कॉलेजांनी हे विद्यार्थ्यांना विचारायचं. तिकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पदवीचा साधारण पाचातला एक विद्यार्थी पालक निघतो. विचारलं की असं होतं.

एक गाठ मात्र तुम्हालाच सोडवावी लागेल. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषाखाली लहान मुलांच्या पाळणाघराची विचारणा होत आली आहे, आणि तुमच्या मागच्या अहवालात त्याचा जिओटॅग केलेला फोटो आहे. अक्षांश-रेखांशासकट. फोटोत भिंतीवर ससा, दारावर 'हिरकणी कक्ष'. आत आता जिमखान्याच्या मॅट्स आणि निवडणुकीच्या ड्युटीतून उरलेली खोकी आहेत, किल्ली ज्या शिपायाकडे आहे तो दुपारी बँकेत असतो. खरी हिरकणी बाळासाठी गडाचा कडा उतरली. हिच्यासाठी शिपाई जिना उतरला तरी पुष्कळ. तर प्रश्न असा: पाळणाघर आहे आणि मुलं निरंक, हे कसं? 'सदर सुविधा कर्मचाऱ्यांसाठी आहे' असं लिहा. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं आणि विद्यार्थी कर्मचारी नसतात, त्यामुळे उत्तर दोन्हीकडून पक्कं बसतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं, 14 डिसेंबर 2021 चं पत्रही फाईलला असेल. पदवी-पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हाजिरीत सूट, परीक्षा फॉर्मला मुदतवाढ यांसाठी विद्यापीठांनी नियम करावेत, असं ते म्हणतं. पीएच.डी.वाल्यांना नियमातच 240 दिवस आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. बी.ए.ची कुणी ते पत्र घेऊन आली तर 75 टक्के हाजिरीचा नियम दाखवा आणि 'आजवर एकही अर्ज आलेला नाही' असं सांगा. तिचा अर्ज घेऊ नका, म्हणजे उद्या पुढचीलाही तेच सांगता येईल. फारच अडून बसली तर मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक द्या. ती तिकडे गेली की तुमचा तक्ता आपोआप स्वच्छ होतो.

आता कव्हरिंग लेटर. 'उपरोक्त संदर्भीय पत्रास अनुसरून या महाविद्यालयाची माहिती निरंक आहे. माहितीस्तव सविनय सादर.' जावक क्रमांक टाका, स्थळप्रत फाईलला लावा. गोल शिक्का मारताना पॅड आधी बघून घ्या. सकाळी त्यावर चार इवली बोटं उमटली होती, तेवढ्या जागेतली शाई गेली आहे. शिक्का फिका उठला तर पत्र परत येतं.