लहान कॅबिनेट तापते ते आकारामुळे नव्हे

कोल्हापुरात नवा गेमिंग संगणक जुळवायला निघालेल्या बहुतेकांना एक सल्ला मोबाइलवर हमखास येतो. त्याचा आशय असा, की लहान कॅबिनेट, म्हणजे संगणकाचे भाग बसवायची लहान पेटी, ही भट्टी असते आणि आपल्या उन्हाळ्यात ते टिकत नाही. घ्यायचेच असेल तर लिक्विड कूलर (नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारे साधन) बसवा, सगळे पंखे हवा बाहेर फेकणारे लावा, एक बाजू उघडी ठेवा आणि तापमान 80 अंशांवर गेले की संगणक बंद करा. या सल्ल्यावर विसंबून लोक चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे मला गरजेचे वाटते.

आधी भट्टीचे पाहू. संगणक जितकी वीज खातो तितकीच उष्णता बाहेर टाकतो आणि त्यात कॅबिनेटच्या आकाराचा काहीही वाटा नसतो. रायझन 5 7600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड ही मध्यम बजेटची जोडी घेतली, तर प्रोसेसरची मर्यादा 88 वॅट, कार्डाची 115 वॅट, आणि बाकीचे भाग मिळून 250 वॅटचा हिशेब धरायला हरकत नाही. ही उष्णता वाहून नेताना हवा 10 अंशांपेक्षा जास्त तापू नये असे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे 23 लिटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथली हवा सुमारे 6 टक्के विरळ आहे; तेही या आकड्यात धरले आहे.) म्हणजे 10 लिटरच्या कॅबिनेटमधली हवा सेकंदाला दोनदा बदलते आणि 40 लिटरच्या कॅबिनेटमधली पावणेदोन सेकंदांत एकदा. बाहेर पडणारी हवा दोन्हीकडे सारखीच गरम असते, कारण मोठ्या पेटीतली जादा हवा उष्णता साठवून ठेवायला तिथे थांबतच नाही. मोठ्या कॅबिनेटचा खरा फायदा एवढाच, की त्यात उंच हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) मावतो आणि मोठे पंखे सावकाश फिरवून भागते, त्यामुळे आवाज कमी होतो.

मग लहान कॅबिनेट प्रत्यक्षात तापते कशाने? बहुतेक वेळा, एकदा बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते म्हणून. हे डोळ्यांनी पाहता येते. खेळ चालू असताना पेटती अगरबत्ती कॅबिनेटच्या जाळीपासून चार बोटांवर धरावी आणि कडेकडेने हळूहळू फिरवावी. राख जाळीवर पडू देऊ नये. राजारामपुरीतल्या एका मित्राचे कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात भिंतीला चिकटून ठेवलेले होते. तिथे वरच्या जाळीशी अगरबत्ती धरली, तेव्हा धूर वरच्या फळीला आपटून खाली वळला आणि बाजूच्या जाळीतून थेट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांत शिरला. तेच कॅबिनेट टेबलावर घेऊन भिंतीपासून वीतभर पुढे ओढल्यावर धूर सरळ वर निघून गेला.

हाच प्रकार कॅबिनेटच्या आतही होतो आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त फसवतो. कार्डाचे पंखे आणि बाजूचे जाळीचे पॅनेल यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर फट राहिली, तर पंखे बाहेरच्या हवेबरोबर आतली तापलेली हवाही ओढून घेतात. फोमची पट्टी लावून ही फट चारही बाजूंनी बुजवली की कार्डाला फक्त बाहेरची हवा मिळते. प्रोसेसरवर खालच्या दिशेने हवा सोडणारा बुटका कूलर असेल, तर त्यालाही हाच उपाय लागू पडतो. पॅनेल काचेचे असेल आणि कार्डाचे पंखे त्यालाच टेकत असतील, तर काचेऐवजी छिद्रांचा पत्रा लावावा. उद्यमनगरात असा पत्रा मापाने कापून मिळतो आणि लिक्विड कूलरच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ असतो.

80 अंशांच्या भीतीला तर आधारच नाही. वर उल्लेखलेल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा 95 अंश आहे आणि कार्डाची 90. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच वेग कमी करते आणि तरीही तापमान आवरले नाही तर संगणक बंद होतो. खरे पाहायचे ते खोलीच्या तापमानापेक्षा चिप किती अंश वर आहे हे, कारण खोलीचे तापमान जितके अंश वाढते जवळपास तितकेच अंश चिपचेही वाढते. जानेवारीत 24 अंशांच्या खोलीत 68 दाखवणारा संगणक मे महिन्यात गच्चीखालच्या 36 अंशांच्या खोलीत 80 दाखवणारच, आणि त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

लिक्विड कूलर उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त रेडिएटरपर्यंत, म्हणजे ती हवेत सोडणाऱ्या जाळीदार भागापर्यंत, नेतो. अनेक लहान कॅबिनेटमध्ये 120 मिलिमीटरचाच रेडिएटर मावतो आणि 88 वॅटच्या प्रोसेसरसाठी तो चांगल्या एअर कूलरपेक्षा फार काही जास्त देत नाही. शिवाय पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग वाढतो.

सगळे पंखे हवा बाहेर फेकणारे लावण्यात थोडे तथ्य आहे. कार्ड आणि मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) पाठीला पाठ लावून बसवलेल्या कॅबिनेटमध्ये कार्ड व कूलर आपापली हवा दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून घेतात, त्यामुळे वरचे पंखे बाहेर फेकणारे असणेच योग्य ठरते. मात्र जाळीला फिल्टर नसेल, तर हवा प्रत्येक फटीतून धूळ घेऊन आत येते. इचलकरंजीत यंत्रमागाजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, की कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात आणि मग कोणताही पंखा हवा आत ढकलू शकत नाही. अशा घरांत फिल्टर दर आठवड्याला झटकावा.

बाजू उघडी ठेवल्याने कार्डाचे तापमान काही अंश उतरू शकते, पण त्याचा अर्थ पॅनेलची जाळी फार दाट आहे एवढाच होतो. उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ, झुरळे आणि पाली शिरतात, आणि हवेचा ठरलेला मार्ग मोडल्यामुळे मदरबोर्डच्या पाठीमागे बसवलेल्या एसएसडीपर्यंत (माहिती साठवणाऱ्या भागापर्यंत) वारा पोहोचेनासा होतो. काही जण त्यापुढे जाऊन पाण्याचा एअर कूलर कॅबिनेटसमोर ठेवतात. तसे कधीही करू नये, कारण त्यातून उडणाऱ्या तुषारांतले क्षार बोर्डावर साचू शकतात.

सर्वांत परिणामकारक उपाय या सल्ल्यात आलेलाच नाही, तो म्हणजे मुळात उष्णता कमी निर्माण करणे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज थोडे उतरवले तरी वॅट लक्षणीय घटतात. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर ही सेटिंग आणि ग्राफिक्स कार्डासाठी आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर यांतून हे फुकट होते. मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवणारा असेल, तर खेळाच्या फ्रेमही (कार्ड तयार करते ती चित्रे) सेकंदाला 60 वरच रोखाव्यात. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड तापवण्यात काही अर्थ नाही.

एका ठिकाणी मात्र सल्ल्यातली भीती खरी आहे. 253 वॅटपर्यंत जाणारा कोअर आय9 14900के आणि 450 वॅटचे आरटीएक्स 4090 एकत्र 10 लिटरच्या कॅबिनेटमध्ये बसवले, तर त्याच हिशेबाने सेकंदाला 65 लिटर हवा लागते. लहान पंखे तेवढी हवा पूर्ण वेगाने, कान किटेपर्यंत फिरूनच देऊ शकतील. असे यंत्र हवे असणाऱ्याने मोठेच कॅबिनेट घ्यावे.