प्रश्न कापणारा माणूस

आमच्या गावात कुणी कुणाच्या वावराचा धुरा कोरला तर ते भांडण दोन पिढ्यांत मिटतं. प्रश्न कापला तर मात्र तेरवीच्या पंगतीतही विषय निघतो. गणपतीतल्या सामान्य ज्ञान स्पर्धेचे प्रश्न यंदा गावातूनच मागवायचे, असं मंडळानं ठरवलं. पानठेल्यावर बिस्किटाच्या खोक्याची प्रश्नपेटी ठेवली आणि तपासायला मला बसवलं. कारण काय, तर निवृत्त मास्तर, वेळ आहे आणि चष्माही आहे.

नियम मीच पेटीवर चिकटवले होते. उत्तर एकच असावं, आणि ते कुठं लिहिलंय ते सांगावं. पुराव्याच्या जागी कुणी ‘मोबाईल’ लिहिलं, कुणी ‘सर्वांना माहीत आहे’, एकानं ‘माझे मोठे भाऊ, यवतमाळ’.

एक निनावी चिठ्ठी होती: ‘मागच्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब कोणी दिला नाही?’ खाली अ, ब, क, ड. चौघंही मंडळाचे पदाधिकारी. नाइलाजानं बाद केली. उत्तर एकच असावं, हा नियम होता.

‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ हा प्रश्न तर गठ्ठ्यानं आला, कुठं 35, कुठं 36. एका आजोबांनी 26 लिहिले होते. 1960 साली तेवढेच होते, त्यामुळे त्यांना अगदीच खोटंही पाडता येईना. वाशिम 1998 ला झाला, गोंदिया 1999 ला, पालघर 2014 ला, असं मी बोटं मोडत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “अन् मले कोणी सांगतलं नाई?”

खरी जुंपली ती ‘देशाचे पहिले कृषिमंत्री कोण?’ यावर. चिठ्ठीत उत्तर होतं डॉ. पंजाबराव देशमुख, म्हणजे आमचे भाऊसाहेब. अमरावती जिल्ह्यात बसून या उत्तरावर लाल पेन चालवायला छाती लागते. 1947 च्या मंत्रिमंडळात अन्न आणि शेती खातं राजेंद्रप्रसादांकडे होतं, भाऊसाहेब 1952 ला मंत्री झाले, हे मी शक्य तितक्या हळू सांगितलं. चिठ्ठी किराणावाल्या काकांची होती आणि माझी उधारी त्यांच्याच वहीत.

“गुरुजी, भाऊसाहेबायच्या संस्थेत शिकले तुम्ही, अन् त्यायलेच कापून रायले?”

“त्यायले कायले कापू जी? ‘पहिले’ एवढा एकच शब्द काढतो.”

“मंग उरलं काय त्यात?”

मी तोड सुचवली. त्यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था कोणत्या साली निघाली, असं विचारू. उत्तर 1932, वादच नाही.

“हे कोणाले येईन? मलेच नाई येत!”

संध्याकाळी पोराला तेल आणायला पाठवलं, तर काकांनी वही उघडून मागची बाकी गिऱ्हाइकांसमोर खणखणीत वाचली. एकेक तारखेसह. पुरावा म्हणतात तो असा.

त्या मानानं सातवीतल्या पोरींची चिठ्ठी सोन्यासारखी होती. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? हॉकी, कबड्डी, क्रिकेट, की असा कोणताही खेळ जाहीर झालेला नाही? बरोबर उत्तर शेवटचं. 2012 साली क्रीडा मंत्रालयानंच माहिती अधिकारात तसं कळवलं होतं. मी डोळे झाकून पास केली.

स्पर्धेच्या रात्री तो प्रश्न वाचला आणि अख्ख्या मांडवानं एका सुरात “हॉकी!” केलं. चमूनंही तेच सांगितलं. मी ‘चूक’ म्हणताच मागून चप्पल नाही, पण फुटाणे आले. “ध्यानचंद काय गोट्या खेळत होते काय?” असा एक सवाल आला, ज्याला नियमाप्रमाणे खरोखरच एकच उत्तर होतं. दोन पक्ष पडले, माईक कुणीतरी हिसकावला. किराणावाले काका पुढच्याच रांगेत होते आणि आज प्रथमच माझ्याकडे बघून हसत होते.

शेवटी सरपंचताई उठल्या. “गोंधळ नोका करू. सरकारनं जाहीर नसन केला, तं आपण करू. ग्रामसभेत ठराव घेऊन टाकू.”

टाळ्या पडल्या. ग्रामसेवकांनी तिथंच डायरी काढून नोंद केली: विषय क्रमांक सात, राष्ट्रीय खेळ. नाली बांधकामाच्या नंतर.