आजीला पदक दे बघू

माझ्या पदकाच्या फितीला अजून स्ट्रॉबेरी क्रीमच्या बिस्किटाचा वास येतोय. दोनदा साबणाच्या पाण्यात भिजवली, उन्हात वाळवली, तरी जात नाही. पळणं बाजूलाच राहिलं, घरात येणारा-जाणारा आधी विचारतो, "हा वास कसला?"

तर पळण्याचं आधी आटपून टाकते. जानेवारीतल्या रविवारी आम्ही नाशिकच्या सहा बायका मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी, म्हणजे 21.097 किलोमीटर, पळून आलो. त्यासाठी चार महिने गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारल्या, रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढपर्यंत गेलो आणि येताना मिसळ खाल्ली. (कॅलरींचा हिशोब आमच्या ग्रुपमध्ये कोणी काढत नाही. जिने काढला होता तिला आम्ही पैशांचा हिशोब दिला.) मग माहीमला भल्या पहाटे अंधारात उभं राहणं, सी-लिंकवरचा वारा, पेडर रोडचा तो चढ, मरीन ड्राइव्ह, संपलं. 2 तास 51 मिनिटं. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं.

खरी दमछाक त्याच संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसमध्ये झाली.

आम्ही सहाजणी आणि आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंचे यजमान. यजमान पळाले नव्हते. ते बॅगा सांभाळायला आले होते. पण टी-शर्ट उरला होता म्हणून त्यांनाही घातला, आणि तो त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला बसला. समोरच्या बाकावर एक काका, काकू आणि पाचेक वर्षांचा नातू. काका म्हणतेय खरी, पण माझ्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठे असतील. दादर जायच्या आत त्यांनी माझ्या गळ्यातलं पदक हेरलं.

"शर्यत होती का?"

"हो. मॅरेथॉन."

"नंबर कितवा?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर मात्र चार महिन्यांत तयार केलं नव्हतं. "तसा नंबर नसतो काका. आपण आपल्याशीच पळायचं."

"आपल्याशी पळालात तर मग दुसरा तरी आलाच असेल," काका म्हणाले. विनोद करत नव्हते. खरंच विचार करत होते.

मी मोबाइल काढून वयोगटातला क्रमांक दाखवला. आकडा तीन अंकी होता. काकांनी तो पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला, आणि दहावीत नापास झालेल्या मुलाच्या आईशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाले, "असू दे. मग हे पदक कशाचं?"

"पूर्ण केलं की सगळ्यांना मिळतं."

"सगळ्यांना!" हे त्यांनी मला नाही, डब्याला सांगितलं. "आणि पैसे?"

"पैसे आपण भरायचे."

"म्हणजे पैसे तुम्ही भरायचे, पळायचं पण तुम्हीच, आणि नंबर काढायचा नाही." काका थोडे मागे रेलले. "आमच्या नाशिकची कविता राऊत. सावरपाडा एक्सप्रेस. 2010 च्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ. त्याच वर्षी एशियाडला सिल्व्हर. त्याला पदक म्हणतात."

आता याच्यावर काय बोलणार? कविता राऊतपेक्षा मी हळू पळते हे मला मान्य आहे. नाशिकमधली बहुतेक वाहनंसुद्धा तिच्यापेक्षा हळू जातात, विशेषतः संध्याकाळी सीबीएस स्टँडपाशी. पण मिसळ खाल्ली म्हणून कोणी मला "मिसळीत नंबर कितवा?" असं विचारत नाही.

मग काका यजमानांकडे वळले. "साहेब, तुमचं टायमिंग काय?"

"मी नाही पळालो. मी बॅगा बघत होतो."

"तेही जबाबदारीचं काम आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "गर्दीत सामान सांभाळायचं म्हणजे. पण बॉडी ठेवलीय हं तुम्ही." आणि परत माझ्याकडे, "घरी आज स्वयंपाकाचं काय केलं मग?"

यजमान बॉडी सावरून बसले. स्वयंपाकाचं त्यांना कोणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

कल्याणला नातू जागा झाला, आणि इथून पुढे माझं हसू आटत गेलं.

"आजीचं मेडल बघायचंय?" काका त्याला म्हणाले. आजी म्हणजे कोण हे कळायला मला क्षणभर लागला. मी एकोणपन्नास वर्षांची आहे. पण मूल गोड होतं, मी पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. चूक तिथे झाली. ते पोर एका हातात बिस्किटाचा पुडा घेऊन बाकांमधल्या वाटेतून "मी पहिला आलो, मी पहिला आलो" करत धावत सुटलं, आणि अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या. मला पेडर रोडवर अनोळखी लोकांनी संत्र्याच्या फोडी दिल्या होत्या, नाही असं नाही. पण एवढ्या टाळ्या नव्हत्या.

आसनगाव गेलं. मी म्हटलं, "बाळा, आता आजीला पदक दे बघू." मीच मला आजी म्हटलं. त्याने पदक मुठीत धरलं आणि भोकाड पसरलं.

वाटेच्या पलीकडे एक बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या की हो लेकराला. तुम्ही दुसरं आणाल."

दुसरं आणाल! मेनरोडला दोरीवर टांगलेली असतात जणू, पाव डझन घेतली तर भाव कमी करून. काकू म्हणाल्या, "सगळ्यांनाच मिळतं म्हणे ते." डब्याचा ठराव झाला. लहान मुलाच्या तोंडचा घास काढणारी बाई म्हणून माझ्याकडे बघणं सुरू झालं.

तेव्हा मला ती 1967 सालची बॉस्टनची गोष्ट आठवली. कॅथरीन स्वित्झर छातीवर 261 नंबर लावून पळत होती आणि शर्यतीचा एक अधिकारी तो नंबर ओढून काढायला तिच्या अंगावर धावून गेला. तिने शर्यत पुरी केली. तरी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन 1896 पासून आणि बायकांची यायला 1984 उजाडलं. इतकं अंतर बायकांना झेपत नाही म्हणे. ही समजूत ज्यांनी करून घेतली त्यांनी उन्हाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पाड्यांवर डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी बाई पाहिली नसावी. असो. स्वित्झरला निदान ढकलणारा अधिकारी तरी होता, त्याला दोन शिव्या देता येतात. मटार सोलणाऱ्या बाईला काय म्हणणार? तिचंही पटतं आणि तेच जास्त लागतं. घरी तरी वेगळं काय? शेवटची पोळी, खिडकीची जागा, टीव्हीचा रिमोट, "तू काय करणार आहेस?" म्हणत सगळं जातंच.

कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागली. 37 फुटांत एक फूट चढाव आहे म्हणून अख्ख्या रेल्वेला लाज न वाटता मागून इंजिनं घेता येतात. पेडर रोडला माझ्या मागे मागच्या बाईचा श्वास तेवढा होता.

इगतपुरी सोडल्यावर पोर झोपलं, पदक मुठीत. देवळाली गेली. नाशिक रोड आलं की ही मंडळी उतरणार आणि माझे चार महिने त्यांच्याबरोबर रिक्षात बसून जाणार. मी उठले. खाली वाकावं तर मांड्या वाकायला तयार नाहीत, म्हणून बाकाला धरून तिरकी झाले आणि एकेक बोट सोडवायला लागले. करंगळी. अनामिका. बोटं क्रीमने चिकट झालेली. अंगठ्यापाशी पोचले आणि त्याने डोळे उघडले.

"अगं बाई," मटारवाल्या बाई म्हणाल्या. बाकीचं मी ऐकलं नाही, कारण पोराच्या रडण्यात ऐकू येत नव्हतं.

"रडू नको रे," काका त्याला समजावत होते. "आपण दुकानातून मोठं आणू. यावर तर पहिला नंबर पण नाहीये."

फलाटावर आम्ही सहाजणी जिन्यावर उलट्या चढत होतो, कारण सरळ गुडघा उचलत नव्हता. काका बॅग घेऊन आमच्या शेजारून टणाटण वर गेले, वर थांबले, आणि मागून येणाऱ्या यजमानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी नंबर आणा."

आणि ते गृहस्थ चक्क म्हणाले, "प्रयत्न करतो."