पाच सामन्यांत कोच कळतो म्हणे!

मुंबईतल्या फुटबॉलप्रेमींमध्ये सध्या एक दावा जोरात फिरतोय: नवा कोच पाच सामन्यांत कळतो, नाही जमलं तर त्याला हाकला, अर्धा संघ बदला, पाठिंबा वगैरे भाबडेपणा आहे.

आधी पाच सामन्यांचं बघू. आठवड्याला एक सामना धरला, तर दुसरा दिवस रिकव्हरीचा, तिसरा सुट्टीचा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी कॉर्नर-फ्रीकिकचा हलका सराव. उरले तीन, त्यातला एक प्रतिस्पर्ध्याच्या तयारीत जातो. म्हणजे पाच सामन्यांत शिकवायला जेमतेम दहा सत्रं. मधल्या वारी सामना आला की तीही गेली. प्रेसिंग, म्हणजे समोरच्याकडे बॉल असताना पुढे धावून दबाव टाकणं, अर्धवट शिकलेला संघ तर आधीपेक्षा वाईट दिसतो. पुढचे तिघे बॉलवर धावतात, बचावफळी जुन्या सवयीने खालीच थांबते, मध्ये मोठी पोकळी पडते आणि समोरचा मिडफिल्डर त्यात आरामात वळतो. या टप्प्यावर स्कोअर बघून फारसं काही हाती लागत नाही. फळ्यांमधलं अंतर सामन्यागणिक घटतंय का, ते बघा.

कोच बदलला की निकाल सुधारतात, हे अर्धसत्य. हकालपट्टी होते ती संघ तळाला असताना. जखमी खेळाडू परतले, पोस्टला लागणारे बॉल आत जाऊ लागले, तरी निकाल वर येणारच. यावर मुंबई सिटीचे कोच म्हणून आलेल्या पेत्र क्रॅटकींचं नाव हमखास पुढे येतं. डिसेंबर 2023 मध्ये आले आणि 4 मे 2024 ला मुंबई सिटीने मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) चषक जिंकला. खरंय. पण आधीचे कोच डेस बकिंगहॅम यांना कोणी हाकललं नव्हतं, ते ऑक्सफर्ड युनायटेड या इंग्लिश क्लबला गेले. क्रॅटकींच्या हाती आधीच बांधलेला संघ आला. तो बांधला गेला कारण 2021-22 मध्ये पाचवं स्थान आणि हुकलेला प्लेऑफ (चषकासाठीची बाद फेरी) पचवून क्लबने बकिंगहॅमना ठेवलं. पुढच्या मोसमात सलग 18 सामने अपराजित आणि साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड. उलट इंग्लंडच्या चेल्सीने 2022-23 मध्ये टुखेल, पॉटर, लॅम्पार्ड असे कोच वापरले आणि बारावं स्थान मिळवलं.

(मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचा दाखला मुद्दाम देत नाही. नोव्हेंबर 1986 ते मे 1990, पहिल्या चषकासाठी साडेतीन वर्षं. एवढा धीर आज कोण धरणार?)

अर्धा संघ बदला म्हणणाऱ्यांनी करार आठवावेत. करार संपेपर्यंत पगार चालूच, नाहीतर भरपाई. आयएसएलमध्ये मैदानावर परदेशी फक्त चार. स्ट्रायकर चुकला की मोसमाचा बराच भाग गेला. आमच्या मते एका विंडोत (खेळाडू घेण्या-सोडण्याच्या मुदतीत) पहिल्या अकरातले तीन-चारच बदलावेत, तेही मधल्या कण्यापासून, म्हणजे गोलकीपर, मधला बचावपटू, मिडफिल्डर, स्ट्रायकर या ओळीपासून. कोच क्लॉप लिव्हरपूलला ऑक्टोबर 2015 मध्ये आले आणि मोसमाअखेर आठवे राहिले. बचावपटू व्हॅन डाइक जानेवारी 2018 मध्ये आला, गोलकीपर अ‍ॅलिसन त्याच उन्हाळ्यात, आणि चॅम्पियन्स लीग जिंकली 2019 मध्ये.

राहिला पाठिंबा. हुर्यो झेललेला विशीतला मिडफिल्डर बॉल मागणं सोडतो, आडवे पास देत बसतो. म्हणून अंधेरीत, मुंबई सिटीच्या मैदानावर, नव्वद मिनिटं आवाज द्या आणि टीका शिट्टीनंतर करा, पण करा. साधारण पंधरा सामन्यांनंतरही तीच पोकळी, त्याच नियर पोस्टवर (कॉर्नरच्या जवळच्या खांबापाशी) कॉर्नरचे गोल आणि साठाव्या मिनिटाला दमलेले पाय दिसत असतील, तर कोच बदलण्याची मागणी रास्त आहे.