तळ्याचा येवा आधी नकाशावर दाखवा

आमच्या गावाच्या उत्तरेकडील १२ एकर शेतजमीन शेती विभागातून काढून रहिवासी विभागात घेण्याचा प्रस्ताव आहे आणि त्यावर हरकती व सूचना मागवणारी नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली आहे. नोटिशीत गट क्रमांक आहेत, क्षेत्र आहे, चतुःसीमा आहेत. त्या जमिनीवरून दर पावसाळ्यात आमच्या मामा तलावात उतरणारे पाणी, म्हणजेच तलावाचा येवा, मात्र त्यात कुठेच नाही. माझी हरकत या एकाच गोष्टीवर आहे आणि ती सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण तलावाखाली माझीही दोन एकर बांधी, म्हणजे धानाचे शेत, आहे.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातले. नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीपर्यंतचा धान या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून पाळ, सांडवा आणि नहर यांची दुरुस्ती कशीबशी होत राहिली, पण तलावात पाणी आणणारा येवा खासगी शेतांमधून वाहत असल्याने त्याची काळजी घेण्याची जबाबदारी कोणी आपली मानली नाही. तलाव मात्र येव्यावरच भरतो.

गेल्या श्रावणात रात्रभर पाऊस पडल्यानंतर मी आणि माझे चुलत सासरे सकाळी त्या शेतांकडे गेलो होतो. भूखंडांच्या आखणीसाठी टाकलेला चुना धुऊन गेला होता, लाल-पांढऱ्या खुंट्या तेवढ्या उभ्या होत्या. प्रस्तावाला मंजुरी नसतानाही प्रवेशरस्त्यासाठी मुरूम टाकलेला होता आणि वरच्या शेतांतून आलेले पाणी त्या भरावाला अडून पांदण रस्त्यात वळले होते. सासऱ्यांनी काठीने चिखल थोडा बाजूला सारला, तेव्हा त्याखालून जुन्या दगडी पिचिंगची एक ओळ उघडी पडली. वरचे पाणी तलावाकडे जाताना काठ कापू नये, म्हणून कोणीतरी कधीकाळी हे दगड बसवले होते. ते काही वेळ तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, यंदा तळं सांडव्याला लागणार नाही.” आणि तसेच झाले, तळे पूर्ण भरले नाही. धान निसवण्याच्या वेळी, ऑक्टोबरमध्ये, नहराच्या शेवटच्या टोकाकडील बांध्यांना अखेरचे पाणी मिळाले नाही. त्या वर्षीचा पाऊसही लवकर ओसरला होता, त्यामुळे सगळा दोष मी एका भरावाला देणार नाही. पण येवा वळला होता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

हिशोब अवघड नाही. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ते पाणी १० लाख लिटर होते. १२ एकर म्हणजे जवळपास पाच हेक्टर, आणि त्याशिवाय वरच्या शेतांचे पाणीही याच जमिनीवरून खाली येते. सिमेंटचे रस्ते आणि छपरे झाली की पाणी मुरणार नाही, उलट अधिक वेगाने वाहील. परंतु ते तलावाकडे न जाता रस्त्याच्या उताराने पांदणीत आणि तिथून खालच्या वस्तीत शिरेल. जे थोडे तलावात जाईल, त्यात शौचालयांच्या टाक्यांचे आणि मोऱ्यांचे सांडपाणी मिसळलेले असेल. त्याच तलावात आमचे ढिवर बांधव मासेमारी करतात, शिंगाडा लावतात आणि गावची ढोरे पाणी पितात.

ज्यांनी जमिनी विकल्या, त्यांना मी दोष देत नाही. धान आधारभूत खरेदी केंद्रावर मोजून दिल्यावर चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासमोर कोणी रोख रक्कम ठेवली तर त्याने काय करावे, हे त्याला शिकवण्याचा अधिकार मला नाही. घरांची गरजही खरी आहे. गावठाणात एका अंगणात तीन-तीन भावांचे संसार झाले आहेत, आणि म्हणूनच गावठाणाच्या विस्ताराची मागणी आम्ही कितीतरी ग्रामसभांत केली आहे. दक्षिणेकडील खडकाळ माळ त्यासाठी योग्य आहे, कारण त्याचे पाणी तलावाकडे येतच नाही. प्रस्तावित भूखंड मात्र शहरातील गुंतवणूकदारांसाठी आहेत आणि त्यांचे दर आमच्या गावातल्या तरुणांना परवडणारे नाहीत.

कायद्यात या गोष्टीची दखल आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये खास विदर्भासाठी निस्तार पत्रक (गावातील मोकळ्या सरकारी जमिनीच्या वापराचे नियम) आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या तरतुदी आहेत. त्यांतील वाजिब-उल-अर्ज हा कलम १६५ खालचा अभिलेख शासनाच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर गावाचे जे वहिवाटीचे हक्क असतात, म्हणजे सिंचनाचा, वाटेचा, मासेमारीचा हक्क, त्यांची नोंद ठेवण्यासाठीच आहे. सातबारा कोणाच्याही नावावर असला तरी त्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या वहिवाटीचा प्रश्न उरतोच. विभाग बदलण्यापूर्वी हा अभिलेख कोणी उघडून पाहिला का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

माझी मागणी अशी आहे की भूमी अभिलेख आणि सिंचनाशी संबंधित विभागांनी गावकऱ्यांसमक्ष, शक्यतो भर पावसात, येव्याची प्रत्यक्ष पाहणी करावी, तो नकाशावर आखावा आणि त्यातील जमीन प्रस्तावातून वगळावी. आराखड्यात नियमानुसार सोडलेली दहा टक्के मोकळी जागा बरोबर पाणी वाहणाऱ्या खोलगट पट्ट्यावर दाखवली आहे. तिथे उद्या भर टाकून बाग केली तर येवा कायमचा बंद होईल. हा विषय आधी महिला सभेत आणि नंतर ग्रामसभेत स्वतंत्रपणे यावा, ऐनवेळच्या विषयांत नको, कारण रोवणीत आणि कापणीत बांधीत उभ्या राहणाऱ्या बहुतेक बायाच आहेत आणि पाणी कुठून येते हे त्यांना पुरते माहीत आहे.

हरकतीचा अर्ज मी तयार केला आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही ग्रामपंचायतीसमोर जमून सह्या करू आणि तिथूनच तालुक्याला जाऊ. ज्यांच्या घरी वाजिब-उल-अर्जाची किंवा निस्तार पत्रकाची जुनी नक्कल असेल, त्यांनी ती पेटीतून काढून सोबत आणावी. फाटकी असली तरी चालेल, तिची छायाप्रत अर्जाला जोडू.